नवस सालिएरीचा, प्रसाद मोझार्टला

वेड्यांच्या इस्पितळात एक म्हातारा पियानोच्या जातकुळीतल्या वाद्यापुढे बसलाय. त्याचा कबुलीजबाब ऐकायला एक तरुण पाद्री आलाय. म्हातारा एक धून वाजवतो आणि विचारतो, ओळखलीत का? पाद्री ओशाळतो. म्हातारा दुसरी वाजवतो. ही तर एके काळी लोकांनी डोक्यावर घेतली होती. पण तीही पाद्रीबुवांना ठाऊक नाही. मग तिसरी सुरू होते आणि पाचसहा सुरांतच पाद्रीचा चेहरा उजळतो, पुढचं तो स्वतःच गुणगुणायला लागतो. वा, ही तुमची होय! म्हातारा म्हणतो, नाही, ही मोझार्टची.

‘अमॅडियस’ या चित्रपटाच्या सुरुवातीचा हा प्रसंग. तो पाद्री म्हणजे आपणच. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आपल्याला कळत नाही असं म्हणणाऱ्यानेही टायटन घड्याळांच्या जाहिरातीची धून ऐकलेली असते. ती मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीतून, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेतून, घेतली आहे. त्याने ही सिम्फनी १७७३ मध्ये लिहिली, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. चित्रपटाची सुरुवातही याच सिम्फनीने होते: गळा चिरून घेतलेल्या म्हाताऱ्याला बर्फातून इस्पितळात नेताहेत आणि मागे ही सुरावट वाजते आहे. म्हाताऱ्याचं नाव अंतोनिओ सालिएरी. त्याची एखादी चाल आठवते का बघा. मलाही बरीच वर्षं एकसुद्धा आठवत नव्हती.

चित्रपट १९८४ चा. पीटर शॅफर यांचं १९७९ मध्ये लंडनला आलेलं नाटक, त्यावरून त्यांनीच लिहिलेली पटकथा आणि मिलोश फोरमन यांचं दिग्दर्शन. आठ ऑस्कर मिळाले. मोझार्ट झालेला टॉम हल्स आणि सालिएरी झालेला एफ. मरे एब्रहॅम या दोघांनाही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं नामांकन होतं. बाहुली मिळाली एब्रहॅमला. म्हणजे एका ठिकाणी तरी सालिएरीने मोझार्टवर मात केली.

हा चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस हटकून तीन गोष्टी सांगतो: सालिएरी सुमार दर्जाचा होता, तो मोझार्टवर जळायचा आणि त्यानेच मोझार्टला मारलं. यातली पहिली चूक. दुसरीत थोडं तथ्य आहे. तिसरीला काडीचाही पुरावा नाही. तरीही चित्रपट खोटा वाटत नाही. असं का, ते उलगडून पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे हा मोझार्टचा चरित्रपट नाहीच. पडद्यावर जे दिसतं ते सगळं एका मनोरुग्ण म्हाताऱ्याच्या तोंडून आलंय, आणि तेही मोझार्ट गेल्यानंतर बत्तीस वर्षांनी. फोरमन हे कुठेही ओरडून सांगत नाहीत, पण मधूनमधून म्हाताऱ्याचा चेहरा दाखवून आठवण करून देत राहतात. साक्षीदार असा असला की न्यायालयात साक्ष पडते. नाटकात मात्र त्यामुळेच रंग भरतो.

दुसरी गोष्ट, हे भांडण दोन संगीतकारांमधलं वाटलं तरी सालिएरीचा खरा प्रतिस्पर्धी देव आहे. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, नवस. लहानगा सालिएरी देवाला नवस बोलतो: मला संगीतातून तुझी स्तुती करू दे, मला कीर्ती दे, मी ब्रह्मचारी राहीन, कष्ट करीन, नम्र राहीन. संगीताला विरोध करणारा बाप जेवताना घास अडकून मरतो, आणि पोराला वाटतं देवाने नवस मान्य केला. (बापाच्या मरणाने खूश होणारा नायक! प्रेक्षक तरीही त्याच्या बाजूने राहतो, हे शॅफरचं कसब.) पुढे तो मुलगा व्हिएन्नात सम्राट योझेफचा आवडता संगीतकार होतो. आणि मग एके दिवशी मेजवानीच्या दालनात जमिनीवर लोळत, एका मुलीला चिमटे काढत, अचकटविचकट बोलणारं एक पोर दिसतं. पलीकडच्या खोलीत वाद्यं वाजू लागतात, पोर धावत जाऊन वाद्यवृंदापुढे उभं राहतं, आणि सालिएरीला कळतं की देवाचा आवाज या टवाळ कार्ट्याच्या गळ्यातून निघतोय. ‘अमॅडियस’ या नावाचा अर्थच देवाचा लाडका. गंमत म्हणजे खुद्द मोझार्ट सहसा ‘अमादे’ अशी सही करायचा; ‘अमाडेउस’ हे रूप त्याने वापरलं ते थट्टेतच.

नवस फेडूनही देव पावला नाही, शेजाऱ्याला मात्र न मागता पावला. हा राग समजायला व्हिएन्नाला जावं लागत नाही.

आता इतिहासाकडे. तो समजायचा तर अठराव्या शतकातला राजाश्रय म्हणजे काय ते आधी पाहायला हवं, कारण खरी स्पर्धा तिथे होती.

तेव्हाचा संगीतकार हा नोकर असे, तोही गणवेशातला. मोझार्ट साल्झबर्गच्या आर्चबिशपकडे चाकरीला होता. १७८१ मध्ये मालकाबरोबर तो व्हिएन्नाला आला, तेव्हा त्याला खाशा नोकरांच्या खाली आणि आचाऱ्यांच्या वर अशा जागी जेवायला बसवलं जायचं. हे त्याने बापाला लिहिलेल्या पत्रात आहे. शेवटी नोकरी सुटली ती आर्चबिशपच्या एका अधिकाऱ्याने पार्श्वभागावर लाथ घालून बाहेर काढल्यावर. हेही त्याच्याच पत्रातलं. त्यानंतर तो व्हिएन्नात स्वतंत्रपणे राहिला. शिकवण्या, मैफली, ऑपेरा (म्हणजे तिकडचं संगीतनाटक), छापील संगीताची विक्री, यांवर पोट. आजच्या भाषेत फ्रीलान्सर.

सालिएरीची गोष्ट उलटी. व्हेनिसच्या राज्यातल्या लेन्यागो गावात १७५० मध्ये जन्म. आईवडील लवकर गेले. फ्लोरियान गासमान नावाच्या संगीतकाराने पोराचे गुण हेरले आणि १७६६ मध्ये त्याला व्हिएन्नाला आणून घरच्यासारखं वाढवलं, शिकवलं. गासमान वारला तेव्हा सालिएरीने वयाची पंचविशीही गाठली नव्हती, तरी दरबारातल्या इटालियन ऑपेराची सूत्रं त्याच्याकडे आली. मिलानमधलं ला स्काला हे नाट्यगृह १७७८ मध्ये उघडलं ते त्याच्या ऑपेराने. पॅरिसमध्येही त्याने नाव कमावलं. १७८८ मध्ये तो दरबारच्या संगीताचा प्रमुख, म्हणजे होफकापेलमाइस्टर झाला आणि १८२४ पर्यंत त्या जागेवर राहिला. याला सुमार म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा! आणि ब्रह्मचर्य? लग्न झालेलं, आठ मुलं. चित्रपटातली एकच सवय बरीचशी खरी: त्याला गोडाचा फार सोस होता.

त्याच्या शिष्यांची यादी वाचली तर डोळे विस्फारतात. बेथोव्हन, शुबर्ट, फ्रान्झ लिस्ट. बेथोव्हनने आपले व्हायोलिन आणि पियानोसाठीचे तीन सोनाटा सालिएरीला अर्पण केले आहेत. शिकवणीचे पैसे गरजू विद्यार्थ्यांकडून तो घेत नसे.

मोझार्ट व्हिएन्नात आला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता आणि सालिएरी तीसचा. पडद्यावर दोघांत पिढीचं अंतर वाटतं, प्रत्यक्षात ते थोरल्या-धाकट्या भावाइतकं होतं. पण सालिएरी तिथे पंधरा वर्षं मुरलेला. दरबारी नाट्यगृह सम्राटाचं, कारभार काउंट रोझेनबर्गचा, गायक-गायिका ठरलेल्या, संहिता लिहिणारा कवी दा पोन्ते दोघांनाही लागणारा. वर्षात नवे ऑपेरा मोजकेच लागायचे. आपल्याकडे नाट्यगृहाच्या तारखांवरून जशी धुसफूस चालते, साधारण तसंच. एका ऑपेराचं मानधन सहसा शंभर डुकाट, म्हणजे ४५० गुल्डन. ‘फिगारोचं लग्न’ या ऑपेरासाठी मोझार्टला तेवढेच मिळाले. १७८७ च्या अखेरीस त्याला दरबारात जागा मिळाली ती ८०० गुल्डन वार्षिक पगाराची. त्याच्या आधी ग्लुक या संगीतकाराला २००० मिळत. आणि काम काय, तर मुख्यतः दरबारी नाचांसाठी संगीत लिहायचं.

अशा व्यवस्थेत हेवेदावे नसते तरच नवल. १७८१ मध्ये वुर्टेम्बर्गच्या राजकन्येला संगीत शिकवायची जागा मोझार्टला हवी होती, ती सालिएरीला मिळाली. चिडलेल्या मोझार्टने घरी लिहिलं की सम्राटाला सालिएरीखेरीज कोणी दिसतच नाही. १७८६ मध्ये ‘फिगारो’ रंगमंचावर यायच्या आत मोझार्टच्या वडिलांनी मुलीला पत्र धाडलं की सालिएरी आणि त्याची मंडळी ऑपेरा पाडायला जिवाचं रान करतील. बापलेकांच्या पत्रांत इटालियन लोकांच्या कारस्थानांचा राग वरचेवर येतो. पुरावा मात्र क्वचित. आपली नाटकं पडली की कंपूशाहीला दोष द्यायची रीत काही आजची नाही.

त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला दोघांची खरोखरच समोरासमोर गाठ पडली. शोनब्रुन राजवाड्याच्या संत्र्यांच्या काचघरात मेजवानी होती. दालनाच्या एका टोकाला मोझार्टचं छोटं संगीतनाटक झालं, मग दुसऱ्या टोकाला सालिएरीचं. मोझार्टला पन्नास डुकाट मिळाले, सालिएरीला शंभर. सालिएरीच्या नाटुकल्याचं नाव ‘आधी संगीत, मग शब्द’. चाल आधी की कविता आधी, हा आपल्या भावगीतवाल्यांचाही जुना वाद, तो तिथे विनोदाचा विषय झाला होता.

बाकी मोझार्टचं खरंखुरं द्वंद्व झालं ते सालिएरीशी नाहीच. २४ डिसेंबर १७८१ ला सम्राट योझेफने त्याला मुत्सिओ क्लेमेंती या इटालियन वादकासमोर बसवलं आणि पाहुण्यांसमोर दोघांची जुंपली. क्लेमेंतीने मोझार्टचं पुढे तोंड भरून कौतुक केलं. मोझार्टने काय केलं? पत्रात लिहिलं की या माणसाकडे दमडीची रसिकता नाही, नुसता यांत्रिक हात आहे. आणि दहा वर्षांनी ‘जादूची बासरी’ या ऑपेराच्या नांदीत त्या संध्याकाळी क्लेमेंतीने वाजवलेल्या सोनाट्याच्या सुरुवातीसारखीच सुरावट वापरली. दोघांपैकी असूया कोणाच्या अंगात जास्त होती, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही, पण विचारायला हरकत नाही.

सालिएरी आणि मोझार्ट यांचे संबंध शेवटी शेवटी तर बरेच चांगले होते. एप्रिल १७९१ मध्ये व्हिएन्नातल्या संगीतकारांच्या मदतनिधीच्या मैफलीत सालिएरीच्या नेतृत्वाखाली मोझार्टची सिम्फनी वाजली. ऑक्टोबरमध्ये मोझार्ट स्वतः सालिएरीला आणि त्याची शिष्या असलेल्या गायिका कातेरिना काव्हालिएरीला ‘जादूची बासरी’ दाखवायला घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, बायकोला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की सालिएरीने अगदी कान देऊन ऐकलं, आणि नांदीपासून शेवटच्या गाण्यापर्यंत एकही जागा अशी गेली नाही की जिथे त्याच्या तोंडून ‘ब्राव्हो’ किंवा ‘बेल्लो’ निघालं नाही. पत्रात आनंद नुसता ओसंडतोय. आपल्या हाती असलेलं मोझार्टचं हे शेवटचं पत्र. ज्याला जगाने खुनी ठरवलं, त्याची दाद मोझार्टच्या अखेरच्या पत्रात आहे! पटकथालेखकाने हा प्रसंग वापरला असता तर सगळा डोलाराच कोसळला असता.

मग विषाची गोष्ट आली कुठून?

मोझार्ट ५ डिसेंबर १७९१ ला गेला, पस्तिसाव्या वर्षी. नोंदीत कारण लिहिलंय ते अंगावर पुरळ आणणारा तीव्र ताप. शरीर सुजलं होतं, म्हणून त्याच महिन्यात बर्लिनच्या एका संगीतपत्रात विषप्रयोगाची कुजबुज छापून आली. त्यात सालिएरीचं नाव नव्हतं. आजारपणात मोझार्टलाच वाटत होतं की आपल्याला कोणीतरी विष घातलंय, असं त्याची बायको कॉन्स्टान्झे हिने नंतर सांगितलं. तिने स्वतः सालिएरीवर खुनाचा संशय घेतला नाही. घेतला असता तर धाकटा मुलगा फ्रान्झ झाव्हर याला त्याच्याकडेच शिकायला पाठवलं असतं का? हा एवढा एक मुद्दाही मला पुरेसा वाटतो. तिचं सालिएरीबद्दल म्हणणं वेगळंच होतं: ‘कोझी फान तुत्ते’ या ऑपेराची संहिता आधी सालिएरीने घेतली होती, जमेना म्हणून सोडली, आणि मोझार्टने ती पूर्ण केली, तिथून खुन्नस. सालिएरीने ती संहिता सुरू करून सोडल्याचे कागद पुढे खरोखरच सापडले.

नाव चिकटलं ते १८२३ मध्ये. म्हातारा सालिएरी इस्पितळात, मन थाऱ्यावर नाही, त्याने जीव द्यायचा प्रयत्न केल्याची आणि ‘मीच मोझार्टला मारलं’ असं तो म्हणाल्याची बातमी व्हिएन्नाभर पसरली. बहिऱ्या बेथोव्हनशी लोक वहीत लिहून बोलायचे. त्या वह्यांतही ही अफवा आहे. इग्नाझ मोशेलेस हा जुना शिष्य भेटायला गेला, तेव्हा सालिएरीने त्याला शपथेवर सांगितलं की हे साफ खोटं आहे. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोघांनी लेखी दिलं की असं काही त्याच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नाही. १८२५ च्या मे महिन्यात तो गेला. अफवा राहिली.

पाच वर्षांनी ती रशियात पोचली. पुश्किनने १८३० मध्ये ‘मोझार्ट आणि सालिएरी’ ही छोटी पद्यनाटिका लिहिली आणि त्यात सालिएरीने चक्क रंगमंचावर पेल्यात विष टाकलं. पुढे रिम्स्की-कोर्साकोव्हने तिचा ऑपेरा केला. शॅफरने दीडशे वर्षांनी हाच धागा उचलला, फक्त विषाचा पेला काढून टाकला. त्याचा सालिएरी मोझार्टला उपासमार, दारू, कर्ज आणि अपराधीपणा यांनी मारतो. अफवेचं नाटक, नाटकाचा ऑपेरा, त्यातून नवं नाटक, मग चित्रपट. एवढे पुठ्ठे चढल्यावर आतलं पान कोण वाचतो?

चित्रपटातल्या आणखी तीन-चार गोष्टींचा निकाल भराभर लावू. मुखवटा घालून मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताची, रेक्वियमची, मागणी करणारा सालिएरी नव्हता. ती मागणी काउंट वालझेग नावाच्या उमरावाने मध्यस्थामार्फत, नाव न सांगता केली होती. त्याची तरुण बायको त्याच वर्षी वारली होती, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं संगीत स्वतःच्या नावावर खपवायची त्याला खोड होती. म्हणजे चोरीची कल्पना शॅफरने हवेतून आणलेली नाही, फक्त चोर बदलला. सालिएरीने मोझार्टच्या उशाशी बसून रेक्वियम उतरवून घेतलं नाही. ते अर्धवट राहिलं आणि मोझार्टच्या हाताखालच्या झ्युसमायरने पूर्ण केलं. पावसात गोणपाटातून सार्वजनिक खड्ड्यात फेकलेलं प्रेत? त्या काळी व्हिएन्नात अंत्यविधी साधे असावेत असा सम्राटाचाच दंडक होता, आणि मध्यमवर्गाची थडगी काही वर्षांनी उकरून पुन्हा वापरली जात. मोझार्टचं दफन त्या रिवाजाप्रमाणे झालं. म्हणून जागा सापडत नाही. भिकाऱ्यासारखं पुरलं म्हणून नव्हे.

आणि ते अचकटविचकट बोलणं? ते मात्र खरं. चुलतबहिणीला लिहिलेली मोझार्टची पत्रं इथे उद्धृत करण्यासारखी नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मला थोडं थांबायचंय, कारण तिथे चित्रपट सर्वांत जास्त दिशाभूल करतो. कॉन्स्टान्झे नवऱ्याच्या स्वरलिप्या सालिएरीला दाखवायला आणते. तो पानं उलटतो आणि हादरतो: एकही खाडाखोड नाही, जणू कोणी वरून सांगितलं आणि याने उतरवून घेतलं. प्रसंग अप्रतिम आहे, कल्पना खोटी. मोझार्टची कच्ची टिपणं शिल्लक आहेत, अर्धवट टाकलेल्या रचना आहेत. हायडन या ज्येष्ठ संगीतकाराला अर्पण केलेल्या, चार तंतुवाद्यांसाठीच्या सहा चतुष्टकांना तो स्वतः दीर्घ आणि कष्टाच्या कामाचं फळ म्हणतो. सगळी रचना एकदम डोळ्यांसमोर उभी राहते असं सांगणारं त्याचं एक पत्र जगभर फिरलं. ते १८१५ मध्ये छापलं गेलं आणि बनावट ठरलं. आपल्याकडेही थोर गवयाबद्दल ‘जन्मतःच गळ्यात गाणं होतं’ असं म्हणतात आणि त्याने गुरूच्या घरी काढलेली वर्षं विसरतात. मोझार्टच्या बापाने तर पोराची तालीम घोटूनच घेतली होती.

असंच मोझार्टचा ऑपेरा ऐकून सम्राटाने मारलेल्या ‘फार सूर झाले’ या शेऱ्याचं. चित्रपटात आपण त्याला हसतो. १७९८ मधल्या मोझार्टच्या एका सुरुवातीच्या चरित्रात हा किस्सा आहे, आणि मोझार्टचं उत्तरही: हवेत तेवढेच, महाराज. पण सम्राट संगीत शिकलेला होता, मूर्ख नव्हता. तोवरच्या इटालियन ऑपेरात गाणारा पुढे आणि वाद्यवृंद साथीला असायचा. मोझार्टने साथीला स्वतःची जीभ दिली. गायिका एक सांगते आहे आणि खालून क्लॅरिनेट हे फुंकवाद्य भलतंच सांगतंय, हे ऐकायची सवय नसलेल्या कानाला गर्दी वाटणारच. साथीदार गवयावर चढू लागला की आपणही कुरकुरतो.

आता ज्यासाठी हा चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहतो त्याकडे येतो. संगीत कसं ऐकावं हे तो शिकवतो, आणि शिकवतो तो सालिएरी.

आपलं रागसंगीत मुख्यतः एका धाग्याचं. एक सुरावट, ती कशी वळते, कुठे थांबते, त्यात सगळं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात अनेक सुरावटी एकाच वेळी चालतात. उभे-आडवे धागे मिळून वस्त्र. कान एका धाग्याला सरावलेला असेल तर बाकीचे नुसता गलका वाटतात. चित्रपटात म्हातारा सालिएरी मोझार्टच्या तेरा वाद्यांसाठीच्या ‘ग्रान पार्तिता’ रचनेचा संथ भाग आठवतो. तो सांगतो, सुरुवात काहीच नाही, हलका ठोका, बाजाच्या भात्यासारखी वरखाली होणारी साथ, जवळपास हास्यास्पद. मग वर एक ओबो येतो. ओबो म्हणजे आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. तो एकच लांब सूर धरतो आणि हलत नाही. खाली ठोका चालूच. आणि तो सूर आता विरेल असं वाटेपर्यंत क्लॅरिनेट त्याच्या हातून तो अलगद काढून घेतो आणि गोड करत खाली आणतो. त्याचं बोलणं आणि संगीत एकाच वेळी ऐकू येतं, आणि संगीताची कसलीही तालीम नसलेल्या माणसालाही पहिल्यांदा तीन धागे वेगळे ऐकू येतात.

दुसरा धडा विनोदाचा. सालिएरीने मोझार्टच्या स्वागतासाठी एक कवायती चाल रचलेली असते. मोझार्ट ती एकदाच ऐकून वाजवतो, एका जागी अडतो, हे नीट बसत नाही, नाही का, असं म्हणत एक सूर बदलतो, दुसरी जागा घेतो, आणि बघता बघता त्यातून ‘फिगारो’मधलं प्रसिद्ध गाणं बाहेर येतं. हे प्रत्यक्षात घडलेलं नाही, ती कवायती चालही खऱ्या सालिएरीची नाही. पण चांगली कामचलाऊ चाल आणि जिवंत चाल यांत नेमकं काय वेगळं असतं, हे दोन मिनिटांत दाखवणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही. मुखडा तोच, जागा वेगळ्या.

तिसरा शेवटचा. तापाने फणफणलेला मोझार्ट रेक्वियममधला ‘कोन्फुतातिस’ हा भाग सांगतोय, सालिएरी उतरवतोय. आधी पुरुषांचे खालचे आवाज, मग वरचे, मग पितळी वाद्यं, मग तंतुवाद्यांचा आगीसारखा फिरता तुकडा. एकेक धागा वेगळा ऐकवत नेतात आणि शेवटी सगळे एकदम सोडतात. ‘नाही समजलं, नाही समजलं’ म्हणणारा सालिएरी आणि ‘समजलं’ म्हणताना त्याचा उजळलेला चेहरा! इतिहासाच्या दृष्टीने हे पूर्ण थापेबाजी आहे. तरी या प्रसंगात सालिएरी मारेकरी राहत नाही, जगातला सर्वांत तयार श्रोता होतो. सम्राटाला जांभया येतात, उमरावांना कळत नाही, बायकोला पैशांची काळजी. मोझार्ट काय करतोय हे फक्त त्याला कळतं. निर्मिती करता येत नाही पण कळतं सगळं, ही शिक्षा कोणत्याही विषापेक्षा कडू.

मराठी प्रेक्षकाच्या मनात इथे ‘कट्यार काळजात घुसली’ येणारच. १९६७ चं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक आणि त्यावरचा २०१५ चा सुबोध भावे यांचा चित्रपट. खाँसाहेबही असूयेने पोखरलेले, त्यांनाही समोरच्याचं गाणं नेमकं कळतं. फरक असा की तिथे लढाई उघड आहे, भर दरबारात, आणि दोन्ही बाजूंना गाणं तोलामोलाचं आहे. ‘अमॅडियस’मध्ये लढाई एकाच बाजूने चाललेली असते, मोझार्टला शेवटपर्यंत तिचा पत्ताच नसतो. आणि ‘कट्यार’मध्ये शिष्य गुरूचं कर्ज गाण्यातून फेडू शकतो. सालिएरीला तो मार्ग कोणी ठेवलेलाच नाही.

चित्रपट पाहणार असाल तर दोन आवृत्त्या आहेत. मूळची दोन तास चाळीस मिनिटांची आणि २००२ मधली तीन तासांची. मला पहिली आवडते. दुसरीत सालिएरी कॉन्स्टान्झेचा अपमान करतो तो प्रसंग आहे, त्याने तिचा नंतरचा राग कळतो, पण सालिएरीबद्दलची कणव जरा पातळ होते. दोन्हींत व्हिएन्ना म्हणून दिसणारं प्राग पाहून घ्या. १९६८ नंतर चेकोस्लोव्हाकिया सोडून गेलेले फोरमन या चित्रपटासाठी मायदेशी परतले होते. मोझार्टच्या ‘दोन जोव्हानी’ या ऑपेराचे प्रसंग ज्या नाट्यगृहात चित्रित झाले, त्याच नाट्यगृहात २९ ऑक्टोबर १७८७ ला त्या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला होता. संगीत नेव्हिल मॅरिनर यांच्या नेतृत्वाखाली वाजलंय.

सालिएरीचं पुढे काय झालं? या चित्रपटाने त्याला खुनी ठरवलं आणि त्याच वेळी लोकांना त्याचं नाव सांगितलं. २००३ मध्ये गायिका चेचिलिया बार्तोलीने फक्त त्याच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. २००४ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीनंतर ला स्काला पुन्हा उघडलं, तेव्हा रिकार्दो मुती यांनी १७७८ चा तोच ऑपेरा परत उभा केला. आणि २०१५ मध्ये प्रागच्या संगीत संग्रहालयात एक छापील पुस्तिका सापडली: १७८५ ची, नॅन्सी स्टोरेस या गायिकेचा गेलेला आवाज परत आला त्या आनंदात रचलेलं एक छोटं गीत. शब्द दा पोन्तेचे. संगीत तिघांचं, त्यातले दोघे सालिएरी आणि मोझार्ट. आता ते ऐकायला मिळतं, चार-पाच मिनिटांचं आहे. कोणती ओळ कोणाची हे आधी वाचू नका.